रॅम वाढविण्यापूर्वी मर्यादा तपासा: बसविलेली मेमरी आणि उपयोगी पडणारी मेमरी

संगणक मंदावला की त्यात रॅम वाढवावी, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि अनेकदा तो योग्यही असतो. मात्र बसविलेली सगळी रॅम संगणक वापरेलच, असे नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम या तिघांची स्वतंत्र मर्यादा असते आणि त्यांपैकी जी सर्वांत कमी, तीच संपूर्ण संगणकाची मर्यादा ठरते. ती न तपासता केलेला खर्च वाया जाण्याचा संभव असतो.

हा प्रश्न सध्या अधिक महत्त्वाचा ठरण्याची दोन कारणे आहेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिले जाणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. त्यामुळे जुना संगणक सुधारावा की नवा घ्यावा, हा निर्णय अनेक कुटुंबांपुढे आणि लहान कार्यालयांपुढे उभा राहिला. त्याच सुमारास, २०२५ च्या उत्तरार्धात, रॅमच्या किमती जगभर झपाट्याने वाढल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरची मागणी वाढल्याने उत्पादकांनी आपली क्षमता त्या प्रकारच्या मेमरीकडे वळविली. मायक्रॉन कंपनीने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी ‘क्रुशल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पूर्वी किरकोळ वाटणारी चूक त्यामुळे महाग पडू लागली.

जबलपूरचे उदाहरण

मध्य प्रदेशातील जबलपूर हे कार्यालयांचे शहर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरच्या उच्च न्यायालयाचा वारसा जबलपूरला आला आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ येथे स्थापन झाले. राणी दुर्गावती विद्यापीठ, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आणि संरक्षण सामग्रीचे कारखाने यांच्या जोडीला वकिलांची कार्यालये, टंकलेखन केंद्रे आणि ‘एमपी ऑनलाइन’ची सेवा केंद्रे येथे आहेत. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, त्या काळापासून जबलपूरशी नाते असलेली मराठी कुटुंबेही या शहरात राहतात.

अशा शहरात संगणक चैनीसाठी नव्हे, तर अर्ज भरण्यासाठी, दस्तऐवज तयार करण्यासाठी आणि हिशेब ठेवण्यासाठी वापरला जातो. तो सुरळीत चालेल तोवर बदलण्याकडे कोणाचाही कल नसतो. मढाताल भागातील जयंती कॉम्प्लेक्स संगणक आणि मोबाइलच्या दुकानांसाठी परिचित आहे. अशा बाजारात रॅम घेण्यासाठी जाणाऱ्या ग्राहकाने ‘किती जीबीची द्या’ असे सांगण्याआधी आपल्या संगणकाविषयी काही गोष्टी जाणून घेणे आवश्यक ठरते.

पत्ता नसेल तर जागा असून नसल्यासारखी

रॅम म्हणजे संगणक चालू असताना ज्या माहितीवर काम होत असते, ती माहिती ठेवण्याची तात्पुरती जागा. वीज गेली की ती रिकामी होते. या जागेतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक, म्हणजेच पत्ता असतो. प्रोसेसर त्या पत्त्यावरूनच माहिती ठेवतो आणि परत आणतो. ज्या जागेला पत्ता देता येत नाही, ती जागा संगणकाच्या दृष्टीने अस्तित्वात नसते.

टपाल खात्याच्या पिन कोडवरून ही गोष्ट समजणे सोपे जाते. पिन कोडची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. जबलपूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड ४८२००१, तर नागपूरचा ४४०००१. हा क्रमांक सहा अंकी असल्याने त्यातून जास्तीत जास्त १० लाख वेगवेगळे क्रमांक तयार होऊ शकतात. त्याहून अधिक टपाल विभागांना क्रमांक द्यायचे झाल्यास एक अंक वाढवावा लागेल.

संगणकात दहा अंकांऐवजी शून्य आणि एक हे दोनच अंक असतात. त्यामुळे पत्त्यातील प्रत्येक जादा अंकाने, म्हणजेच बिटने, पत्त्यांची संख्या दुप्पट होते. ३२ बिटांच्या पत्त्यातून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. प्रत्येक पत्त्यामागे एक बाइट धरल्यास ही जागा नेमकी ४ जीबी भरते. ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिमच्या संदर्भात वारंवार ऐकू येणारा ४ जीबीचा आकडा येथून आला आहे.

प्रत्येक पिढीची भिंत

अशी मर्यादा प्रथमच आलेली नाही. इंटेलने १९७८ मध्ये आणलेल्या ८०८६ या प्रोसेसरचा पत्ता २० बिटांचा होता, त्यामुळे तो १ एमबी मेमरीपर्यंत पोहोचू शकत असे. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये त्यापैकी ६४० केबी जागा कार्यक्रमांसाठी ठेवण्यात आली आणि उरलेले पत्ते पडदा व अन्य उपकरणांसाठी राखून ठेवण्यात आले. १९८२ मधील ८०२८६ ने ही सीमा १६ एमबीवर नेली. १९८५ मधील ८०३८६ हा ३२-बिट प्रोसेसर होता आणि त्याची सीमा ४ जीबी होती. त्या काळात घरगुती संगणकात एक-दोन एमबी मेमरी असणेही पुष्कळ मानले जाई, त्यामुळे ४ जीबी ही सीमा कधी काळी अडचणीची ठरेल असे वाटण्याचे कारण नव्हते.

पुढील वीस वर्षांत मेमरी स्वस्त होत गेली आणि ही सीमा घरगुती ग्राहकापर्यंत येऊन पोहोचली. एएमडी कंपनीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि ॲथलॉन ६४ हे ६४-बिट प्रोसेसर बाजारात आणले. नंतर इंटेलनेही ही पद्धत स्वीकारली. विंडोज एक्सपीची या प्रोसेसरसाठीची ६४-बिट आवृत्ती २००५ मध्ये आली. मात्र ६४-बिट प्रोसेसर असलेल्या असंख्य संगणकांवर त्यानंतरही अनेक वर्षे ३२-बिट विंडोज बसविली जात राहिली. जुन्या संगणकांमध्ये आज दिसणाऱ्या अडचणीचे मूळ येथेच आहे.

चार जीबी बसविली, सव्वातीन दिसते

३२-बिट विंडोज असलेल्या संगणकात ४ जीबी रॅम बसविली तरी पडद्यावर ३.२५ जीबी किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसतो. अनेक ग्राहकांना रॅम सदोष असल्याची किंवा दुकानदाराने फसविल्याची शंका येते. वस्तुतः रॅम पूर्ण असते, पण तिच्यातील काही भागाला पत्ता मिळालेला नसतो.

याचे कारण असे की, पत्ते केवळ रॅमसाठी नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, यूएसबी नियंत्रक आदी उपकरणांशी प्रोसेसर याच पत्त्यांच्या आधारे बोलतो. ४ जीबीच्या हद्दीतील वरच्या टोकाचे पत्ते या उपकरणांसाठी राखलेले असतात. वसाहतीच्या नकाशात काही भूखंड दवाखाना, शाळा आणि पाण्याची टाकी यांच्यासाठी आधीच राखून ठेवावेत, त्याप्रमाणे ही व्यवस्था असते. स्वतःची मोठी मेमरी असलेले ग्राफिक्स कार्ड बसविल्यास राखीव भाग वाढतो आणि उपयोगी रॅम आणखी कमी दिसते.

मदरबोर्डवरच ग्राफिक्सची सोय असलेल्या संगणकात आणखी एक बाब असते. तेथे ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसल्याने मुख्य रॅममधील काही भाग त्यासाठी बाजूला काढला जातो. ही वजावट ६४-बिट संगणकातही होते. ८ जीबी रॅम असताना ७.८ जीबी उपयोगी दिसणे हा त्यामुळे दोष मानला जात नाही.

विंडोज व्हिस्टाच्या पहिल्या सुधारणा संचापासून संगणकाच्या माहितीत उपयोगी मेमरीऐवजी बसविलेल्या मेमरीचा आकडा दाखविला जाऊ लागला. विंडोज ७ पासून हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात. ग्राहकाने त्यांतील दुसरा, म्हणजे उपयोगी मेमरीचा आकडा पाहणे महत्त्वाचे असते.

तांत्रिक मर्यादा आणि परवान्याची मर्यादा

प्रत्येक मर्यादा प्रोसेसरमुळेच येते असे नाही. इंटेलने १९९५ मध्ये पेंटियम प्रो या प्रोसेसरमध्ये पत्त्याचा विस्तार करण्याची सोय दिली. पीएई या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सोयीमुळे ३२-बिट प्रोसेसरही ३६ बिटांचे पत्ते, म्हणजेच ६४ जीबीपर्यंतची मेमरी हाताळू शकत होता. विंडोज सर्व्हर २००३ च्या एंटरप्राइज आवृत्तीने ही सोय वापरली. तिची ३२-बिट आवृत्ती पहिल्या सुधारणा संचानंतर ६४ जीबीपर्यंत मेमरी वापरू शकत असे. लिनक्समध्येही ही सोय उपलब्ध झाली.

घरगुती वापराच्या ३२-बिट विंडोजमध्ये मात्र ४ जीबीची सीमा कायम ठेवण्यात आली. अनेक उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालविणारे छोटे कार्यक्रम, ४ जीबीच्या पलीकडचे पत्ते येणार नाहीत असे गृहीत धरून लिहिले गेले होते. तसे पत्ते समोर आल्यास संगणक बंद पडण्याचा धोका होता, असे कारण त्यासाठी देण्यात आले.

याशिवाय विंडोजच्या निरनिराळ्या आवृत्त्यांसाठी निरनिराळी कमाल मर्यादा ठरविण्यात आली. विंडोज ७ ची स्टार्टर आवृत्ती केवळ २ जीबी रॅम वापरत असे. त्याच विंडोज ७ च्या ६४-बिट होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६ जीबी, तर प्रोफेशनल आणि अल्टिमेटला १९२ जीबी अशी मर्यादा होती. विंडोज १० च्या सर्व ३२-बिट आवृत्त्यांची मर्यादा ४ जीबी आहे. ६४-बिट विंडोज १० होमची मर्यादा १२८ जीबी, तर प्रोची २ टीबी आहे. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती काढण्यातच आली नाही.

मदरबोर्डचीही एक सीमा

ऑपरेटिंग सिस्टिम ६४-बिट केली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. मदरबोर्डवरील चिपसेट किती मेमरी हाताळू शकतो, हे तितकेच निर्णायक असते. देशात मोठ्या संख्येने जुळविल्या गेलेल्या असेंबल्ड संगणकांत इंटेलचे काही चिपसेट सर्रास आढळतात. त्यांपैकी ९४५ मालिकेची मर्यादा ४ जीबी होती. उपकरणांच्या पत्त्यांखाली झाकली गेलेली रॅम ४ जीबीच्या पलीकडे नेऊन पुन्हा उपलब्ध करून देण्याची सोय या मालिकेत नव्हती. त्यामुळे अशा संगणकात ६४-बिट विंडोज बसविली तरी पूर्ण ४ जीबी मिळत नाही. जी३१ चिपसेटची मर्यादा ४ जीबी, जी४१ ची ८ जीबी आणि एच६१ ची १६ जीबी होती.

रॅमचा प्रकारही मदरबोर्डवर ठरतो. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्यांच्या स्टिकवरील खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एका पिढीची रॅम दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. ती जोर लावून बसविण्याचा प्रयत्न केल्यास स्लॉट निकामी होऊ शकतो. लॅपटॉपची रॅम आकाराने लहान असते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच कायमची जोडलेली असल्याने वाढविता येत नाही.

३२-बिट सोडताना येणाऱ्या अडचणी

प्रोसेसर ६४-बिट असूनही अनेक कार्यालयांनी ३२-बिट विंडोज का सोडली नाही, याला व्यावहारिक कारणे आहेत. ६४-बिट विंडोजला ६४-बिट ड्रायव्हरच लागतात. जुन्या प्रिंटरसाठी किंवा स्कॅनरसाठी कंपनीने तसा ड्रायव्हर काढला नसेल, तर चांगले चालणारे उपकरण निरुपयोगी ठरते. डॉसच्या काळातील १६-बिट कार्यक्रम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. फॉक्सप्रोमध्ये लिहून घेतलेले हिशेबाचे, वेतनाचे वा शुल्काचे जुने कार्यक्रम वापरणाऱ्यांना ही अडचण विशेष जाणवते.

देवनागरी टंकलेखन हा आणखी एक मुद्दा. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीचे मराठी आणि हिंदी दस्तऐवज निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र फाँटमध्ये तयार झाले. हे फाँट नव्या संगणकावर नेता येतात. परंतु त्यांच्यासोबतचे कळफलकाचे जुने कार्यक्रम आणि यूएसबी किंवा प्रिंटरच्या जोडणीत लावायची कुलुपे ६४-बिट विंडोजवर चालतीलच, याची खात्री नसते. असा संगणक बदलण्यापूर्वी दुसऱ्या ६४-बिट संगणकावर चाचणी घेणे हिताचे ठरते.

३२-बिट विंडोजचे रूपांतर थेट ६४-बिटमध्ये होत नाही. ती नव्यानेच बसवावी लागते आणि सर्व कार्यक्रमही पुन्हा घालावे लागतात. म्हणून दस्तऐवज, छायाचित्रे, फाँट आणि हिशेबाच्या फाइल यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन, ती उघडते याची खात्री करून मगच हे काम हाती घ्यावे.

खरेदीपूर्वी काय पाहावे

पहिली पाहणी घरीच करता येते. विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ आणि त्यातील ‘अबाउट’ या पानावर बसविलेली व उपयोगी रॅम, प्रोसेसरचे नाव आणि ऑपरेटिंग सिस्टिम ३२-बिट की ६४-बिट, ही माहिती मिळते. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, ६४-बिट प्रोसेसर’ असा उल्लेख तेथे असल्यास रॅम वाढविण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याचा विचार करावा लागेल.

दुसरी पाहणी गरजेची. ‘टास्क मॅनेजर’मध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि त्यात ‘मेमरी’ निवडल्यास किती रॅम वापरात आहे, ते कळते. नेहमीची कामे एकाच वेळी सुरू ठेवून हा आकडा पाहावा. तो सतत ९० टक्क्यांच्या आसपास राहत असेल, तर रॅम वाढविण्याचा लाभ निश्चित मिळतो. रॅम अपुरी पडली की संगणक हार्ड डिस्कचा काही भाग मेमरीसारखा वापरू लागतो आणि ती कितीतरी संथ असल्याने कामाचा वेग घसरतो. आकडा निम्म्यावरच राहत असेल, तर मंदपणाचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. अशा वेळी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविण्याचा परिणाम अधिक ठळक दिसतो. टंकलेखन, ई-मेल, अर्ज भरणे आणि इंटरनेट पाहणे एवढ्या कामांसाठी ८ जीबी रॅम सामान्यतः पुरते.

तिसरी पाहणी मदरबोर्डची. त्याचे नाव व क्रमांक टिपून उत्पादकाच्या पुस्तिकेत कमाल रॅम, तिचा प्रकार आणि स्लॉटची संख्या पाहावी. एकूण स्लॉटपैकी किती भरलेले आहेत, हे टास्क मॅनेजरमध्येही दिसते. शक्य असल्यास जुनी स्टिक सोबत घेऊन दुकानात जावे आणि परत करण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी.

रॅम बसविताना संगणक बंद करून विजेची तार काढावी. लॅपटॉपची बॅटरी शक्य असल्यास वेगळी करावी. अंगातील स्थिर विजेने रॅमचे नुकसान होऊ शकते, म्हणून आधी धातूच्या भागाला हात लावावा आणि स्टिक कडांनीच धरावी. नंतर आकडा कमी दिसला तर स्टिक काढून पुन्हा नीट बसवावी. बायोसमध्ये मेमरी रीमॅपची सोय बंद आहे का, तेही पाहावे. विंडोजच्या ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये, बूटच्या प्रगत पर्यायांत, कमाल मेमरीच्या चौकटीवर चुकून खूण झालेली असल्यास ती काढावी.

रॅम वाढविल्याने विंडोज ११ चालेल का

हा समज विशेष जपून तपासायला हवा. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम पुरते. तेवढी रॅम बहुतेक जुन्या संगणकांत असते. अडथळा असतो तो इतर अटींचा. टीपीएम २.० ही सुरक्षा सोय, सिक्युअर बूट आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर आवश्यक असतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणतः कोअर मालिकेच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे जी४१ किंवा एच६१ मदरबोर्डच्या संगणकात कितीही रॅम घातली, तरी तो या अटी पूर्ण करू शकत नाही.

अशा संगणकांसमोर तीन मार्ग राहतात. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने व्यक्तिगत वापरकर्त्यांकरिता १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची विस्तारित सुरक्षा योजना जाहीर केली. तिचा उपयोग निर्णयासाठी अवधी मिळविण्यापुरता आहे. दुसरा मार्ग लिनक्सचा. देशातील न्यायालयांच्या ई-न्यायालय प्रकल्पात उबुंटू लिनक्सचा वापर करण्यात आला, तर सी-डॅकने विकसित केलेल्या ‘बॉस’ लिनक्समध्ये मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. मात्र लिनक्सही ३२-बिट संगणकांपासून दूर जात आहे. उबुंटूने २०१७ मध्ये डेस्कटॉपची ३२-बिट आवृत्ती देणे थांबविले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२-बिट पीसीसाठी स्थापनेची सोय राहिली नाही. तिसरा मार्ग नव्या संगणकाचा. तो अटळ असेल, तर जुन्या संगणकातील रॅमवर खर्च न करणे हीच बचत ठरते.

रॅम वाढविणे हा संगणक सुधारण्याचा सोपा उपाय आहे, यात शंका नाही. प्रोसेसर ६४-बिट, मदरबोर्डला वाव आणि ऑपरेटिंग सिस्टिमची परवानगी असेल, तर ४ जीबीवरून ८ जीबीवर गेलेला संगणक आणखी काही वर्षे उत्तम काम देऊ शकतो. या तिन्हींपैकी एकानेही नकार दिला, तर मात्र जादा रॅम केवळ स्लॉटमध्ये बसून राहते. ही तपासणी घरच्या घरी, कोणताही खर्च न करता, काही मिनिटांत होऊ शकते.